फुंकणीचे मार्क

सकाळी साडेसात वाजता आमच्या घरात निकाल लागतो.

दात घासून, केस न विंचरता मी हॉलच्या मधोमध ताठ उभा राहतो. हातात प्लॅस्टिकची एक नळी असते. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीचं तोंड ओठांत घट्ट धरायचं आणि पन्नास मेणबत्त्या एका दमात विझवायच्या असल्यासारखी फुंकर मारायची. आतला लाल काटा सटकन पुढे जातो आणि कुठल्या तरी आकड्यावर थांबतो. यंत्राचं नाव पीक फ्लो मीटर. मिनिटाला किती लिटर वेगाने आपण हवा बाहेर टाकतो, ते यावर कळतं. माझ्या आईने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकलं : फुंकणी.

“किती?”

“तीनशे दहा.”

“कितीपैकी?”

“पैकी असं नसतं गं. माझी आजवरची सगळ्यात चांगली फुंकर पाचशेची आहे.”

“म्हणजे बासष्ट टक्के. दहावीला भूगोलात एवढेच होते तुला.”

दमा माझा जुना सोबती. ‘बाळदमा आहे, मुंज झाली की जाईल’ असं लहानपणी सगळे म्हणायचे. मुंज झाली, केस गेले, दमा राहिला. मग ‘लग्न झालं की जाईल’ म्हणाले. लग्न झालं, उरलेले केस गेले, दमा राहिला. शेवटी कुणीतरी हवापालट सुचवला. लोक हवापालटाला पाचगणीला जातात. मी थेट न्यू जर्सीतल्या एडिसनला आलो. एवढा लांबचा हवापालट आमच्या घराण्यात कुणी केला नव्हता.

इथे आल्यावर कळलं, की एप्रिल-मेमध्ये ओकची झाडं फुलोऱ्यावर येतात आणि उभ्या गाड्यांवर रात्रीतून हिरवट-पिवळी भुकटी बसते, जणू प्रत्येक गाडीला हळद लागली आहे. ही भुकटी माझ्या नाकात गेली, की फुप्फुसात सनई वाजू लागते. आणि पोहे, कोकम, भाजणीपासून पूजेच्या सुपारीपर्यंत आपलं सगळं जिथे मिळतं, त्या रस्त्याचं नाव काय? ओक ट्री रोड. ओकचा हंगाम संपून जरा मोकळा श्वास घ्यावा, तर ऑगस्टच्या मध्यावर रॅगवीड नावाचं तण पराग उधळायला लागतं. ते थेट थंडी पडेपर्यंत. म्हणजे चैत्रापासून आश्विनापर्यंत माझ्या नाकाला एकही सुट्टी नाही.

हे सगळं फोनवर ऐकून २०२३च्या मे महिन्यात आई कराडहून सहा महिन्यांसाठी आली. सोबत दोन बॅगा होत्या. एक आम्हा सगळ्यांसाठी, एक फक्त माझ्या दम्यासाठी. दुसऱ्या बॅगेत अडुळसा, ज्येष्ठमध, पिंपळी, बेहड्याची सालं, काकडशिंगी, रिंगणी, सुंठ आणि एक किलो ओवा. विमानतळावर अधिकाऱ्याने एक पांढुरक्या चूर्णाची पुडी उचलली आणि हे काय, असं विचारलं.

“सितोपलादि,” आई म्हणाली.

त्याने पुन्हा विचारलं. आईने या वेळी एकेक अक्षर सुटं केलं, “सि-तो-प-ला-दि.” मराठी हळू बोललं की जगात कुणालाही कळतं, यावर तिची श्रद्धा आहे. तरीही त्याच्या डोक्यात प्रकाश पडेना, तेव्हा चूर्ण कशावर चालतं हे समजावायला आईने खोकून दाखवलं. कोविडची आठवण तेव्हा चांगलीच ताजी होती. रांग दोन पावलं मागे सरकली आणि आईची बॅग विनातक्रार बंद झाली.

आता इथे एक स्थानिक इतिहास सांगितला पाहिजे. १९५४पर्यंत या गावाचं नाव रॅरिटन होतं. मग थॉमस एडिसनचं नाव दिलं. त्याची प्रयोगशाळा इथल्याच मेन्लो पार्कात. तिथे आता एक मनोरा आहे आणि त्याच्या टोकावर भलाथोरला काचेचा दिवा. १८७९मध्ये त्याने जाळून कोळसा केलेल्या सुती दोऱ्यावर दिवा पेटवून दाखवला. पण दोरा फार टिकेना. म्हणून पठ्ठ्याने जगभरातल्या हजारो वनस्पतींचे तंतू मागवले आणि एकेक जाळून पाहिला. शेवटी जपानचा बांबू हजार तासांच्या वर टिकला. हे सगळं मी आईला त्या मनोऱ्याखाली उभं राहून सांगितलं.

“सितोपलादीतलं वंशलोचन पण बांबूतलंच असतं,” आई म्हणाली. “त्याला आधी विचारायचं होतं कुणालातरी.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मेन्लो पार्कचा प्रयोग संपलेला नाही. वनस्पती त्याच, फक्त दिव्याच्या जागी मी आहे. फरक एवढाच, की एडिसन एका वेळी एक तंतू तपासायचा आणि वहीत नोंद करायचा. आमच्याकडे सगळ्या वनस्पती एकाच दिवशी, एकाच पातेल्यात.

रोज सकाळचा निकाल आई ‘गोतावळा’ नावाच्या कौटुंबिक ग्रुपवर टाकू लागली. ‘आज ३१०. काल ३२५. घसरण.’ त्याखाली सल्ल्यांची रांग. ठाण्याची मावशी : ‘ओवा भाजून पुरचुंडीत हुंगायला दे.’ पुण्याचा चुलतभाऊ : ‘दूध बंद. दुधाने कफ होतो.’ नागपूरची आत्या : ‘दुधात लसूण उकळून दे. दुधाने कफ सुटतो.’ सांगलीच्या मामाने तर धोत्र्याच्या पानांची विडी सुचवली. मी चिडून शोध घेतला, तर मामा अगदीच हवेत बोलत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी हा नुसखा हिंदुस्थानातूनच विलायतेला नेला आणि पुढे तिकडच्या औषधांच्या दुकानांत दम्याच्या सिगारेटी उघड विकल्या जायच्या. पण धोत्रा म्हणजे विष, हे आईला पक्कं ठाऊक. तिने मामाला दोन दिवस ब्लॉक केलं.

ओव्याची पुरचुंडी मात्र मान्य झाली. तव्यावर ओवा तडतडवायचा, धुतलेल्या रुमालात बांधायचा, गाठ मारून खिशात ठेवायचा आणि दर तासाला हुंगायचा. मी ती खिशात घालून ऑफिसला गेलो. मीटिंगची खोली लहान, खिडक्या बंद. दहा मिनिटांनी एक सहकारी आशेने दाराकडे पाहू लागला. मग दुसरा. शेवटी मॅनेजरबाईंनी विचारलंच, “कुणी पिझ्झा मागवलाय का?” पिझ्झ्यावर भुरभुरतात त्या ओरेगॅनोची आणि आपल्या ओव्याची नाकाच्या दृष्टीने सोयरीक आहे, हे मला त्या दिवशी कळलं. खिशातून पुरचुंडी काढून दाखवावी लागली. पिझ्झा नाही म्हटल्यावर मंडळींच्या चेहऱ्यावर जी निराशा पसरली, तेवढी माझा प्रोजेक्ट लांबला तेव्हाही पसरली नव्हती.

मग जलनेती. पाणी उकळून कोमट केलेलंच हवं, एवढं मी वाचलं होतं आणि पाळलंही. चोचीचं भांडं एका नाकपुडीला लावायचं, मान कलती करायची, पाणी दुसरीतून बाहेर यायला हवं. माझ्यात पाणी गेलं, आलं नाही. आई म्हणाली, येईल. ते अकरा वाजता आलं. व्हिडिओ कॉलवर एका बड्या ग्राहकाला आकडे दाखवायला मी जरा पुढे वाकलो, आणि आलं. ग्राहकाला वाटलं, मला रडू कोसळलं. त्याने दर कमी करण्याचा आग्रह तिथल्या तिथे सोडला. जलनेतीचा एवढा फायदा ग्रंथांतही लिहिलेला नसेल.

या सगळ्या काळात माझे दोन पंप लपून होते. निळा तातडीचा, घुसमट झाली की ओढायचा. दुसरा रोजचा, त्यात अगदी थोडं स्टिरॉइड असतं आणि तो श्वासनळ्यांची सूज कमी ठेवतो. पण ‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य आमच्या घरात ज्ञानेश्वरीच्या खालोखाल मानलं जातं. कॉलेजात मी कधी सिगारेट ओढली नाही. ते चोरून ओढण्याचं सुख मला चाळिशीत, बाथरूमचं दार लावून, पंपाने दिलं.

“फुस्स.”

“नळ गळतोय का रे?” बाहेरून आई.

“हो आई, बघतो.”

या चोरटेपणाचा परिणाम असा, की रोजचा पंप रोज होईना. बायको म्हणायची, “अरे, सांगून टाक ना त्यांना.” मी म्हणायचो, योग्य वेळ आली की सांगतो. हेच वाक्य मी लग्नाआधी तिच्याबद्दलही दीड वर्ष म्हणत होतो.

आणि मग ७ जून उजाडला. उजाडला म्हणणंही धाडसाचं. कॅनडातल्या वणव्यांचा धूर खाली उतरला होता आणि आकाश नारिंगी झालं होतं. भर दुपारी दिवे लावावे लागले. आई खिडकीशी उभी राहून म्हणाली, “इथली हवा शुद्ध म्हणून तू अमेरिकेत राहतोस ना?” त्या दिवशी फुंकणी दोनशे सत्तर. चोपन्न टक्के. ग्रुपवर शोककळा.

हैदराबादच्या सहकाऱ्याला हे कळलं, तेव्हा त्याने हमखास इलाज काढला. मृग नक्षत्र लागताना त्याच्या गावी बथिनी कुटुंब दम्याची माशाची दवा फुकट देतं. बोटाएवढा जिवंत मासा, त्याच्या तोंडात पिवळा लेप, आणि तो वळवळता मासा तसाच गिळायचा. अशी ओळीने तीन वर्षं, वर पंचेचाळीस दिवस पथ्य. १८४५पासून चालू आहे म्हणतात. आईने ऐकून घेतलं आणि विचारलं, “शाकाहारी लोकांचं काय?”

“त्यांना गुळातून देतात.”

“मग गूळच खाऊ दे की घरी,” आई म्हणाली आणि माझ्या दिनक्रमात गूळ-सुंठ वाढली.

त्याच आठवड्यातली गोष्ट. खिडक्या सगळ्या घट्ट बंद. आईने गॅसवर काढा ठेवला : आठ वाट्या पाण्याची एक वाटी करायची. ठेवून ती ग्रुपवरच्या आत्याशी व्हिडिओ कॉलवर काढ्याबद्दलच बोलू लागली. आठाची एक झाली, एकाची अर्धी झाली, मग शून्य झाली. अडुळसा, पिंपळी, रिंगणी यांनी एकदम पेट घेतला आणि जो धूर निघाला, त्यापुढे कॅनडा फिका. छतावरचं यंत्र ‘फायर! फायर!’ असं बाईच्या आवाजात किंचाळू लागलं. आई त्या बाईला म्हणाली, “अगं हो, कळलं!”

मी सोफ्याला धरून वाकलो होतो. छातीवर कुणीतरी पाटा-वरवंटा ठेवलेला. बायको खिडक्या उघडायला धावली, मग आठवलं की बाहेरही धूरच आहे, म्हणून ती उघडता उघडता थांबली. आणि आई? आई सरळ बाथरूममध्ये गेली, माझ्या दाढीच्या सामानाच्या डब्यात हात घातला आणि निळा पंप घेऊन आली. शोधावं लागलं नाही.

“आधी हा ओढ. काढ्याचं मग बघू.”

पाचेक मिनिटांत मला श्वास लागायचा थांबला आणि अग्निशमन दलाचे तीन धिप्पाड जवान दारात आले. त्यांनी काळं ठिक्कर पातेलं पाहिलं, आत काय होतं ते विचारलं. बायकोने इंग्रजीत सांगितलं, “दम्याचं औषध.” त्यांच्यातल्या सगळ्यात उंच जवानाने पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही बोलला नाही. आईने त्याला लाडू दिला.

“तुला ठाऊक होतं?” मी नंतर विचारलं.

“नळ गळत असता तर प्लंबर नसता का बोलावला तू?”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात. डॉक्टरीणबाई आईशी हिंदीत बोलल्या.

“घरात धूर होतो का?”

“नाही,” आई म्हणाली.

“उदबत्ती?”

“ती होय. दोनच.”

“धूप?”

“गुरुवारी फक्त.”

“कापूर?”

“आरतीला.”

“लाल मिरचीची फोडणी?”

“फोडणी म्हणजे काय धूर असतो का?” आईने माझ्याकडे पाहिलं, ही बाई नक्की शिकलेली आहे ना, असं.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं. रोजचा पंप रोज, बरं वाटलं तरी. ओढल्यावर चूळ भरायची. निळा अडचणीला. बेडरूममधला गालिचा काढा, त्यात धुळीतले किडे राहतात. चादरी गरम पाण्यात धुवा. माझ्या पोटाकडे पाहून म्हणाल्या, सात-आठ किलो कमी झाले तर फुप्फुसंही दुवा देतील. फळं-भाज्या भरपूर. दूध बाधत नसेल तर खुशाल प्या. प्राणायाम करा, बरंच वाटेल. पण पंपाच्या ऐवजी नव्हे, पंपासोबत. “आणि काढा?” आईने धीर करून विचारलं. “प्या. उकळताना जवळ कुणीतरी थांबा.”

“त्या पंपात स्टिरॉइड असतं ना पण?”

“मायक्रोग्रॅममध्ये. मिलिग्रॅमचा हजारावा भाग.”

“म्हणजे गुंजेचा कितवा?” डॉक्टरीणबाई गप्प झाल्या. तो सामना आईने जिंकला.

परतताना मी समेटासाठी एक गोष्ट सांगितली : कफ पातळ करायला आपल्याकडे ब्रोमहेक्झिन देतात, ते अडुळशातल्याच एका द्रव्यावरून बनवलं आहे. चूक झाली. “मग? मूळ आमचं, नक्कल त्यांची,” असं त्या दिवशी ग्रुपवर पंचवीस जणांना गेलं.

वजनासाठी रोज रूझवेल्ट पार्कात चालणं सुरू झालं. सोबतीला खालच्या मजल्यावरचे काका. निवृत्त, निरोगी आणि म्हणून सल्ल्याला मोकळे. रूझवेल्ट या नावावरून त्यांना थिओडोर रूझवेल्ट आठवला. त्याला लहानपणी भयंकर दमा होता आणि घरचे त्याला इलाज म्हणून कडक काळी कॉफी पाजत आणि चिरूट ओढायला लावत. “आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाला!” काकांनी चिरुटाकडे बोट दाखवल्यासारखं हवेत बोट दाखवलं. कॉफीने श्वासनळ्या थोड्या सैलावतात, हे खरंच आहे. त्यामुळे फेरी झाली की आम्ही कॉफी प्यायचो. कॉफीसोबत केक असायचा. महिनाभरात दीड किलो वाढलं.

गालिचा मात्र निघाला. गुंडाळताना जी धूळ उडाली, तिचं वजन केलं असतं तर माझे सात-आठ किलो तिथेच भरले असते.

आईच्या मुक्कामाच्या शेवटी कोजागिरी आली, २८ ऑक्टोबरला. कोजागिरीच्या चांदण्यात ठेवलेल्या खिरीतून दम्याचं औषध देतात, हे आईने लहानपणापासून पाहिलेलं. पण त्या रात्री भारतात चंद्रग्रहण. ग्रुपवर धर्मसंकट : वेध लागलेले, खीर ठेवायची की नाही? आईने मला हिशोब विचारला. मी सांगितलं, “तिकडे रात्री एक ते अडीच ग्रहण, तेव्हा इथे शनिवारची दुपार. चंद्र उगवलेलाच नसणार.”

आईने ग्रुपवर लिहिलं : ‘एडिसनला चंद्र आंघोळ करून येतो. खीर ठेवते आहे.’

बाल्कनीत पातेलं ठेवलं, वर पातळ फडकं. चंद्र ढगांतून ये-जा करत होता. रात्रभर जागायचं होतं, म्हणून आम्ही पत्ते मांडले आणि साडेबाराला सगळे झोपलो. सकाळी फडकं खाली, पातेलं लख्ख. कठड्यावर रॅकूनची पावलं उमटलेली, खिरीच्या पांढऱ्या ठशांनी. आई बराच वेळ त्या ठशांकडे पाहत उभी राहिली.

“त्यालाही असेल दमा,” ती म्हणाली. “ओक तर त्याच्याच घरात आहे.”

त्या सकाळी फुंकणी चारशे तीस. शहाऐंशी टक्के. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. ग्रुपवर जल्लोष आणि लगेच श्रेयाचा वाद. मावशी म्हणे ओवा. आत्या म्हणे लसूण. चुलतभाऊ म्हणे, दूध बंद केलं असणार. हैदराबादचा सहकारी म्हणे गूळ. काका म्हणे कॉफी. बायको म्हणे गालिचा. मी म्हटलं, पाच महिने रोज न चुकता घेतलेला पंप. तर मामा म्हणे, ‘मला ब्लॉक केलं, त्याची पुण्याई.’ एडिसनची वही असती तर निकाल लागला असता.

दोन दिवसांनी आई गेली. जाताना फुंकणीखाली एक चिठ्ठी ठेवून गेली : ‘रोज कळवणे.’

आता सकाळी साडेसातला फोन वाजतो. कराडला तेव्हा संध्याकाळचे सहा, दिवेलागण.

“किती?”

“चारशे दहा.”

“काल चारशे तीस होते. रात्री काय खाल्लंस?”

“पिझ्झा.”

“त्यावर ते ओव्यासारखं होतं ना? मग वीस मार्क कुठे गेले?” क्षणभर शांतता. “पंप घेतलास का काल?”

“राहिला.”

“का?”

“विसरलो गं.”

“विसरतोस कसा? घे आधी. त्याने काही सवयबिवय लागत नाही.” मागे कुणीतरी काहीतरी विचारलं. आईने ‘दम्याचं बोलतेय’ म्हणून सांगितलं आणि पुन्हा फोनवर आली.

“आणि चूळ भर.”